संततिनियमनाचा प्रश्न बाबासाहेबांनी सभागृहात नेला, आपण तो कुजबुजीत का ठेवला?

जयंतीला आपल्या वस्त्यांमधून जी व्याख्याने होतात त्यात चवदार तळे येते, काळाराम मंदिर येते, पुणे करार येतो, संविधान येते, धम्मदीक्षा येते. हे सगळे यायलाच पाहिजे. पण १९३४ चा एक खटला आणि १९३८ चा एक ठराव, या दोन गोष्टी आमच्या हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली भागातल्या मंचांवरून आम्ही क्वचितच ऐकल्या आहेत. खटला होता लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देणाऱ्या एका मासिकावरचा. ठराव होता संततिनियमनाचा. दोन्हींमध्ये बाबासाहेब होते. मग मंचावर का येत नाहीत? कारण सांगितले जाते की विषय 'तसला' आहे आणि समोर आयाबहिणी बसलेल्या असतात. ज्या आयाबहिणींसाठी बाबासाहेबांनी हा विषय सरकारपुढे नेला, त्यांच्यापासूनच तो लपवायचा, हा न्याय आम्हाला समजलेला नाही.

या लेखात आम्ही एकच गोष्ट मांडणार आहोत. शरीराविषयी, गर्भधारणेविषयी, गुप्तरोगांविषयी खरी माहिती मिळणे ही बाबासाहेबांच्या दृष्टीने शिक्षणासारखीच हक्काची बाब होती. पुढे सरकारने त्यांच्या मागणीतला अर्धा भाग उचलला, तोही उलटा करून. उरलेला अर्धा भाग आजही बाकी आहे आणि तो पुरा करणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.

नोकरी गेली, मासिक निघाले

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. जन्म १८८२ चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे पहिले केंद्र उघडले तेही १९२१ सालीच. म्हणजे या विषयात आपला प्रदेश जगाच्या मागे नव्हता. १९२३ साली कर्व्यांची 'संततिनियमन' आणि 'गुप्तरोगांपासून बचाव' ही पुस्तके आली. मिशनरी कॉलेजला हे काम मानवले नाही. काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा प्रश्न आला तेव्हा १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्याबरोबर होत्या.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले होते आणि एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू केले होते, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे. एकीकडे पाण्यावरची बंदी मोडली जात होती, दुसरीकडे ज्ञानावरची. समाजस्वास्थ्य पुढे सव्वीस वर्षे चालले. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले आणि नोव्हेंबर १९५३ च्या अंकाने मासिक थांबले. त्यात वाचक प्रश्न पाठवायचे आणि कर्वे उत्तरे द्यायचे. हस्तमैथुनाने खरेच शक्ती जाते का, गर्भ राहू नये म्हणून काय करावे, अमुक रोग कशाने होतो, असे प्रश्न. आज आपली पोरे रात्री मोबाईलवर जे शोधतात, तेच प्रश्न तेव्हा पोस्टाने जायचे.

सनातनी मंडळी संतापली. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ साली एका लेखावरून त्यांना दंड झाला. हा त्रास फक्त आपल्याकडेच होता असे समजू नये. इंग्लंडमध्ये १८७७ साली ॲनी बेझंट आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यावर संततिनियमनाची पुस्तिका छापली म्हणून खटला चालला. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अशी माहिती टपालाने पाठवणे हाच गुन्हा ठरवला. आपला अश्लीलतेचा कायदा इंग्रजांनीच आणलेला. भारतीय संस्कृती म्हणून ज्याचे आज रक्षण केले जाते, त्यातला बराचसा भाग व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्रजी लाज आहे.

१९३४ : माहिती देण्याचा हक्क

१९३४ साली कर्व्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी निमित्त होते समाजस्वास्थ्यच्या गुजराती अंकातली वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे. प्रश्न हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीचे होते. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

तो काळ आठवा. गोलमेज परिषदा होऊन गेलेल्या, पुणे कराराला दीड वर्ष झालेले, काळाराम मंदिराचा सत्याग्रह अजून मिटलेला नाही. सगळ्या देशाचे लक्ष ज्यांच्याकडे आहे अशा नेत्याने 'घाणेरड्या' म्हटल्या जाणाऱ्या मासिकाची बाजू घेणे राजकीयदृष्ट्या तोट्याचेच होते. विरोधक टपून बसलेले. आपल्यातल्याही जुन्या माणसांना हे आवडले असेल असे नाही. आणि आरोपी कोण, तर चित्पावन ब्राह्मण. तरीही बाबासाहेब उभे राहिले. कारण त्यांनी जात पाहिली नाही, तत्त्व पाहिले.

त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा होता. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही. सरकारी बाजूचे म्हणणे होते की असले विकृत प्रश्न लोकांनी विचारले तरी उत्तर द्यायचे कशाला? त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे की मासिक ज्या विषयाचे आहे त्या विषयावर प्रश्न येणारच, आणि आलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हे संपादकाचे कामच आहे. एखाद्याला त्यात विकृती वाटत असेल, तर विकृती जाते ती ज्ञानाने, गप्प बसून नाही. समलिंगी संबंधांवर त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांचे संशोधन पुढे ठेवले आणि त्यात गुन्हा शोधण्याची गरज नाही असे सांगितले. समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून मुक्त करणारा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०१८ साली. मधे चौऱ्याऐंशी वर्षे गेली.

खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण युक्तिवाद हरला असे आम्ही म्हणणार नाही. १९६९ साली संसदेने कलम २९२ दुरुस्त केले आणि विज्ञान, साहित्य, कला, ज्ञान यांसाठी लोकहिताचे लेखन अश्लील मानायचे नाही, हा अपवाद कायद्यात स्पष्ट शब्दांत घातला. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भाषणे करणाऱ्या कितीजणांना बाबासाहेबांचा हा खटला माहीत आहे, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

वर्धा आणि मुंबई

डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सॅंगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. संततिनियमनाच्या चळवळीचे जगातले मोठे नाव. बायकांवरचा बाळंतपणाचा भार त्यांनी गांधीजींपुढे मांडला. गांधीजींना भार मान्य होता, साधने मान्य नव्हती. त्यांचे उत्तर संयमाचे, ब्रह्मचर्याचे होते.

संयम वाईट असे कोणी म्हणत नाही. पण संयमाचा उपदेश ऐकायचा कुणी? चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या बाईने? नवऱ्याला नाही म्हणायची सोय जिला धर्माने, कायद्याने, जातपंचायतीने ठेवलेली नाही, तिने? संयमाचा निर्णय पुरुषाच्या हातात आणि त्याचा परिणाम बाईच्या पोटात, ही व्यवस्था संयमाच्या उपदेशाने बदलत नाही. बाईच्या हातात साधन आणि डोक्यात माहिती आली तरच बदलते.

वर्ध्याच्या भेटीनंतर तीन वर्षांनी मुंबईच्या विधानसभेत याचे उत्तर आले. तेव्हा बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस सरकार होते आणि बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष विरोधात होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांचा मोठा संप झाला, त्याच्या पुढाऱ्यांत बाबासाहेब होते. आणि लगेच तीन दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांच्या पक्षाचे अहमदनगरचे आमदार पी. जे. रोहम यांनी सभागृहात संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडात कुणालाही वाचता येते.

ठरावाची मागणी दोन भागांची होती. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि ते पाळण्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात. प्रचार म्हणजे माहिती, सोयी म्हणजे साधने. सक्ती कुठे आहे? शिक्षा कुठे आहे? तिसरे मूल झाले म्हणून काही काढून घेण्याची भाषा कुठे आहे? ठरावात शोधून सापडत नाही.

त्या भाषणात दारिद्र्य आणि वाढती लोकसंख्या यांचाही मुद्दा आहे. तो लपवायचे कारण नाही, त्या काळचा सगळाच अर्थविचार तसा चालला होता. पण भाषणाचा जीव दुसरीकडे आहे. बाळंतपणाच्या ज्या वेदना बाई सोसते त्या पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कुणी तयारच झाला नसता, अशा अर्थाचे विधान त्यात आहे. मूल नको असेल तेव्हा गर्भ टाळता आला पाहिजे आणि तो निर्णय बाईचा असला पाहिजे, हा त्याचा रोख. १९३८ साली, सभागृहात.

ठराव मोठ्या फरकाने पडला. पण आम्हाला इथे एक पाऊल पुढे पडलेले दिसते. कर्व्यांचे मासिक ज्याला वाचता येत होते आणि वर्गणी परवडत होती त्याच्यापर्यंत पोचत होते. गिरणीतल्या, शेतातल्या, निरक्षर बाईपर्यंत ते जाणार कसे? बाबासाहेबांनी तोच प्रश्न मासिकातून उचलून सरकारच्या जबाबदारीत टाकला. १९३४ ला त्यांनी माहिती देणाऱ्याचा हक्क मांडला, १९३८ ला माहिती मिळण्याचा हक्क. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्यांची भूमिका कळत नाही.

हे अचानक आलेले नव्हते. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या घरात पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव जगले. १९३५ साली रमाईही गेल्या. बाळंतपण आणि बालमृत्यू हे त्यांच्यासाठी आकडे नव्हते.

नागपूर, १९४२ : बायकांचे व्यासपीठ

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात आपल्या बायकांचा जो इतिहास गोळा केला, त्यात अशा परिषदा भेटतात. सुलोचनाबाईंनी अध्यक्षस्थानावरून संततिनियमनाची गरज मांडली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार बायकांच्या सोयी अशा मागण्या त्या परिषदेत झाल्या. बाबासाहेबांनी त्याच परिषदेत बायकांना सांगितले की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि जास्त मुले जन्माला घालणे हा गुन्हा आहे, कारण प्रत्येक मुलाला आपल्यापेक्षा चांगली सुरुवात करून देणे हे आईबापाचे कर्तव्य आहे.

आता आपल्या आजच्या सभा बघा. १९४२ साली हजारो दलित बायकांपुढे, भर मंडपात, एक दलित बाई या विषयावर बोलली. ऐंशीहून अधिक वर्षांनी आपण म्हणतो, 'बायका आहेत समोर, हा विषय नको.' आपण पुढे गेलो की मागे?

सरकारने अर्धे घेतले, तेही उलटे

१९५२ साली भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत जगातला पहिला देश. पण हळूहळू माहितीची जागा लाल त्रिकोणाने आणि घोषणांनी घेतली, आणि निवडीची जागा टार्गेटने. आणीबाणीत त्याचा कळस झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आधीच्या वर्षाच्या जवळजवळ तिप्पट. पकडून नेलेली माणसे बहुतेक गरीब होती, आणि गरीब म्हटले की दलित, आदिवासी, मुसलमान आलेच. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही.

त्या वर्षीच्या बहुतेक शस्त्रक्रिया पुरुषांवर झाल्या होत्या. पुरुष चिडले, १९७७ ला सरकार पडले. मग काय झाले? सक्तीतून शहाणपण घ्यायच्या ऐवजी व्यवस्थेने सगळा भार बायकांवर सरकवला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोट न उघडता होणारी, त्याच दिवशी घरी जाता येणारी. तरीही आकडा असा. हे वैद्यकशास्त्र नाही, ही पितृसत्ता आहे.

२०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरांनंतर तेरा बायका मेल्या. २०१६ साली देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असली शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे सांगितले. आपल्या राज्यात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावर जाणे, पाळीचा त्रास, गर्भाशयाच्या तोंडाचे साधे जंतुसंसर्ग, यांवर औषधे असतात हे त्यांना कोणी सांगितले? 'कॅन्सर होईल' एवढेच सांगितले गेले. खाडा परवडत नाही म्हणून पिशवीच काढून टाकली. माहिती नसल्याची किंमत ही अशी शरीराच्या तुकड्यांत मोजली जाते. आणि याच टोळ्या दर हंगामात आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही येतात. म्हणजे हा प्रश्न बीडचा म्हणून सोडता येत नाही.

हुपरीत काय दिसते

हुपरी ही चंदेरीनगरी. इथे आणि आजूबाजूच्या गावांत घरोघरी चांदीचे काम चालते. बायका घरकाम उरकून पैंजणाच्या कड्या जोडत बसतात, पुरुष भट्टीवर नाहीतर पंचतारांकित एमआयडीसीत. बाहेरच्या राज्यांतून आलेले कारागीरही आहेत. इथून जवळच, याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात मार्च १९२० मध्ये परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेब हे तुमचे पुढारी म्हणून जाहीर केले. असा वारसा असलेल्या मातीत आम्ही काम करतो.

आणि ऐकायला काय मिळते? नसबंदी केली की पुरुषाला जड काम होत नाही. तांबी पोटात वर चढते. लग्नाआधी गोळ्या घेतल्या की पुढे मूलच होत नाही. मेडिकलमधून गोळी आणून खाल्ली की 'मोकळे' होता येते, डॉक्टर कशाला. गुप्तरोग असेल तर भिंतीवर नंबर लिहिलेल्या वैद्याकडे जायचे. शाळेत हा धडा घाईने उरकला जातो. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच रोखून धरला होता, त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली. पोकळी कधी रिकामी राहत नाही. ज्ञान हटवले की अफवा येऊन बसते, आणि आता तर पॉर्न येऊन बसते.

म्हणून काही गोष्टी इथे स्पष्ट लिहितो. निरोध हे एकच साधन गर्भ आणि गुप्तरोग दोन्हींपासून संरक्षण देते. तांबी बसवली तरी नको तेव्हा काढता येते, आणि प्रकारानुसार ती पाच किंवा दहा वर्षे चालते. 'अंतरा' हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे असते. 'छाया' ही बिगरहार्मोनची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा. ही साधने सरकारी आरोग्य यंत्रणेत मोफत आहेत. इमर्जन्सी गोळी संबंधानंतर जितकी लवकर तितकी उपयोगी, ७२ तासांच्या आत घ्यायची. ती नेहमीचे साधन नाही आणि राहिलेला गर्भ तिने पडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, त्या डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेणे जिवावर बेतू शकते. पुरुष नसबंदीने ताकद किंवा पुरुषत्व कमी होत नाही. फक्त शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि वीर्य तपासून खात्री करून घ्यायची.

कायद्याचेही तसेच. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही विवाहितेइतकाच हक्क असल्याचे सांगितले. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पालकाची संमती लागते, पण पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करणे डॉक्टरवर बंधनकारक नाही, हेही त्याच निकालात आहे. एचआयव्हीविषयी १०९७ हा फोन मोफत आहे.

माहिती विश्वासाची कशी ओळखायची? यासाठी आपल्याला बाहेर कुठे जायला नको. भगवान बुद्धांनी कालामांना जी कसोटी दिली ती इथे नेमकी लागू पडते. परंपरेने आले, पुष्कळ लोक म्हणतात, सांगणारा मोठा आहे, यांपैकी कशावरही विश्वास टाकू नका, तपासून बघा. सांगणारा त्यातून काही विकतो आहे का? साधनाचे तोटेही सांगतो का, की फक्त फायदेच? 'नको' म्हणायची मोकळीक देतो का? तुमचे गुपित ठेवतो का? या चार प्रश्नांवर जो उतरेल त्याचे ऐकायचे. शेजारच्या सांगलीत वेश्याव्यवसायातल्या बायकांनी संग्राम आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांच्या माध्यमातून नव्वदच्या दशकापासून एकमेकींना निरोध आणि माहिती पोचवली. समाजाने ज्यांना सगळ्यात खाली ढकलले त्यांनी हे करून दाखवले. त्यांची खात्री एकमेकींवर होती, म्हणून माहितीवरही बसली.

आक्षेप आणि उत्तर

आपल्यातले काही म्हणतील, आपली संख्या हीच आपली ताकद, ती का कमी करायची? बाबासाहेबांनी नागपुरात याचे उत्तर दिलेले आहे. त्यांनी ताकद मोजली ती शिकलेल्या, धडधाकट माणसांत. अठराव्या वर्षी लग्न आणि एकोणिसाव्या वर्षी मूल झालेल्या पोरीची पदवी राहते, नोकरी राहते, चळवळही राहते.

दुसरे काहीजण बाबासाहेबांचे नाव घेऊन लोकसंख्या नियंत्रण कायद्याची मागणी करतात. त्यांना आमचे सांगणे, १९३८ चा ठराव वाचा. तिथे माहिती आणि सोय आहे, दंड नाही. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्याला गावपातळीवरच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. राखीव जागेवरून पहिल्यांदाच सरपंच होऊ पाहणाऱ्या बाईला हा नियम आधी लागतो, मग तिसऱ्या मुलाचा निर्णय तिचा असो वा नसो. महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर पाचव्या सर्वेक्षणात १.७ वर आलेला आहे, लोकसंख्या स्थिर ठेवायला लागणाऱ्या २.१ च्याही खाली. मग कायदा नक्की कुणासाठी हवा आहे? 'त्यांची' संख्या वाढते म्हणून जे ओरडतात, त्यांच्या 'त्यांच्या'त काल आपण होतो आणि उद्याही असू.

तिसरा आक्षेप शीलाचा. पंचशील पाळणाऱ्याने हे विषय बोलावेत का? तिसरे शील कामाच्या मिथ्याचारापासून दूर राहायला सांगते, अज्ञानात राहायला सांगत नाही. समोरच्याची संमती न घेणे, त्याला रोग देणे, नको असलेला गर्भ लादणे आणि मग अंग काढून घेणे, मिथ्याचार हा आहे. माहिती दिल्याने तो वाढत नाही, कमी होतो.

कर्वे गेले १४ ऑक्टोबर १९५३ ला. तीन वर्षांनी त्याच तारखेला नागपुरात धम्मदीक्षा झाली. योगायोग आहे, पण कामाला येणारा आहे. येत्या १४ ऑक्टोबरला विहारात वंदना झाल्यावर एक तास काढा. आशाताईंना बोलवा, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंना बोलवा. पोरींचा एक गट, पोरांचा एक गट, आणि मग दोघांचा एकत्र. एक बंद डबा ठेवा, नाव न घालता चिठ्ठ्या टाकू द्या, आणि एकाही चिठ्ठीला 'असले प्रश्न विचारू नका' असे उत्तर देऊ नका. १९३४ साली बाबासाहेब न्यायालयात एवढेच तर सांगत होते, की प्रश्न आला तर उत्तर दिले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!